स्वर्गीय नर्तक: मांडवाचे बांबू आणि एक घरटं

बोडीकाठ | १८ मे, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यातला, नवेगावबांधकडच्या भागातला. आमच्या शेताच्या कडेनं एक नाला जातो. मे महिन्यात तो वाहत नाही, पण एका वळणावर जांभळाच्या सावलीत डबकं टिकून राहतं. डबक्याच्या काठावर बांबूची जुनी रांजी, म्हणजे बेट, आहे, आजोबांच्या वेळची.

३० तारखेला चुलतबहिणीचं लग्न आहे. मांडवासाठी बांबू काढायचे म्हणून मी गेल्या आठवड्यात कुऱ्हाड घेऊन तिथं गेलो. पहिला घाव घालणार तेवढ्यात डोळ्यांसमोरून काहीतरी पांढरं लहरत गेलं. वाटलं, कुणाच्या ओढणीचा फाटका तुकडा वाऱ्यावर उडाला. तो समोरच्या फांदीवर बसला तेव्हा कळलं की पक्षी आहे. काळंभोर डोकं, त्यावर तुरा, डोळ्याभोवती निळसर कडी, बाकी सगळं अंग पांढरं, आणि शेपटीतून निघालेली दोन लांब पिसं. पक्षी बुलबुलाएवढा, पण ती पिसं त्याच्या अंगापेक्षा लांब.

त्याच्याबरोबर दुसरा एक होता, तांबूस पाठीचा आणि आखूड शेपटीचा. त्याच्या चोचीला कोळ्याचं जाळं गुंडाळलेलं होतं. तो रांजीला लागून असलेल्या जांभळाच्या एका बारीक फांदीवर गेला, जाळं तिथं पुसल्यासारखं चिकटवलं, आणि छाती टेकवून गोल फिरला. घरटं चाललं होतं! माझ्या डोक्याच्या जेमतेम हातभर वर. मी कुऱ्हाड खाली ठेवली ती अजून उचललेली नाही.

आता प्रश्न. बाबा म्हणतात, हे दोन वेगळे पक्षी आहेत, कारण लांब शेपटीचा तांबडाही त्यांनी पाहिलेला आहे. आणि काल संध्याकाळपासून पांढराच घरट्यात बसलेला दिसतोय. शेपटीची पिसं घरट्याबाहेर लोंबतात, लांबूनही दिसतात. नर अंडी उबवतो का? आणि असा उघडा दिसणारा पक्षी घरट्यावर बसला तर ते टिकेल कसं?

पिसारा | १८ मे, सकाळी ९:२५

बोडीकाठ, तुम्ही कुऱ्हाड खाली ठेवलीत, त्यासाठी आधी तुम्हाला नमस्कार.

हा स्वर्गीय नर्तक. हिंदीत दूधराज किंवा शाह बुलबुल. पांढरा तो नर, तांबूस आखूड शेपटीची ती मादी, आणि बाबांनी पाहिलेला लांब शेपटीचा तांबडा हाही नरच. तिघे एकाच जातीचे. लिनियसनं १७५८ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यानं तो चक्क कावळ्यांच्या प्रजातीत टाकला होता. पुढे तो माशीमारांच्या कुळात गेला, आणि आता त्याची जागा मोनार्क कुळात आहे. नाचण आणि कोतवाल हे त्याचे खऱ्या माशीमारांपेक्षा जवळचे नातेवाईक. हवेतला किडा झेपावून टिपायची सवय आणि त्यासाठी लागणारी रुंद चोच अनेक कुळांनी आपापल्या वाटेनं कमावली, म्हणून 'माशीमार' हे नाव फसवं आहे.

रंगाबद्दल जुना समज असा, की नर आधी तांबडा असतो आणि वय वाढलं की पांढरा होतो. एवढ्यानं भागत नाही. पहिल्या वर्षी कोवळे नर मादीसारखेच तांबूस, आखूड शेपटीचे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लांब पिसं येतात. पण पूर्ण वाढलेले, पिल्लं वाढवणारे लांब शेपटीचे तांबडे नरही आपल्याकडे भरपूर आहेत. श्रीलंकेत कायम राहणाऱ्या स्वर्गीय नर्तकाचे नर तर कधी पांढरे होतच नाहीत. मधल्या अवस्थेतले, तांबड्यात पांढरी पिसं मिसळलेले पक्षीही दिसतात. त्यामुळे नुसत्या रंगावरून वय सांगता येत नाही. कोवळा नर ओळखायचा तर गळा पाहा. मादीचा गळा करडा असतो, नराचा डोक्यासारखाच चकचकीत काळा.

आणि हो, नर अंडी उबवतो. घरटं बांधणं, उबवणं, भरवणं, सगळं दोघं मिळून करतात. अंडी ३ ते ४, फिकट गुलाबीसर रंगावर तांबूस ठिपके. हे मी सांगतोय ते तुम्हाला घरट्यात डोकावायची गरज पडू नये म्हणून. साधारण दोन आठवडे उबवणं, मग ९ ते १२ दिवसांत पिल्लं घरटं सोडतात. म्हणजे सगळं मिळून जेमतेम चार आठवडे. तेवढे दिवस ती रांजी राहू द्या. रांजी गेली तर घरट्यावर ऊन येईल आणि आडोसाही जाईल.

आगरातली | १८ मे, सकाळी ११:०२

किती सुंदर लिहिलंत! आमच्याकडे गुहागरला हा हिवाळी पाहुणा. ऑक्टोबरच्या शेवटी सुपारीच्या आगरात दिसायला लागतो आणि होळीपर्यंत असतो. दुपारी शिंपण्याच्या पाण्याचं डबकं साचलं की वरच्या फांदीवरून सरळ पाण्यात झेप, पुन्हा फांदीवर, पुन्हा झेप. असं चार-पाच वेळा. ती पांढरी पिसं भिजून दोरीसारखी झालेली मी पाहिली आहेत. घरटं मात्र आयुष्यात कधी पाहिलं नाही. रोज लिहीत राहा हं भाऊ.

लेन्सवाला | १८ मे, दुपारी १:४०

जबरदस्त! नेमकं ठिकाण कळेल का? शनिवारी नागपूरहून निघू शकतो. पांढरा नर घरट्यावर हा फोटो माझ्याकडे नाही.

मुळशीकर | १८ मे, दुपारी २:१५

लेन्सवाला, तुमची ओढ मला कळते, माझ्याकडेही कॅमेरा आहे. पण बोडीकाठ, कृपा करून ठिकाण देऊ नका. कुणालाच, मलासुद्धा नाही.

सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत हा पक्षी उन्हाळ्यात घरटी करतो, हे पुण्यातल्या प्रत्येक पक्षीवाल्याला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी तिथं एका घरट्यासमोर मी पंधरा-वीस माणसं पाहिली. रविवार होता. कुणीतरी आधीच घरट्याभोवतीची पानं आणि डहाळ्या कापून ठेवल्या होत्या, फोटोत अडथळा नको म्हणून. पिल्लांवर सकाळी दहाचं ऊन थेट पडत होतं. मादी चोचीत चतुर धरून या फांदीवरून त्या फांदीवर फिरत होती, पण घरट्याशी येत नव्हती. मी वीस मिनिटं थांबलो आणि निघालो. बोललो मात्र काही नाही. तीन दिवसांनी गेलो तेव्हा घरटं रिकामं होतं. पिल्लं उडायच्या वयाची नव्हती.

मी तेव्हा गप्प बसलो हे मला आजही सलतं. म्हणून इथं बोलतोय. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं. तिथं जमलेल्यांपैकी कुणालाही आपण शिकार करतोय असं वाटत नव्हतं.

लेन्सवाला | १८ मे, दुपारी ४:३०

मुळशीकर, पटलं. माझी विनंती मागे घेतो. बोडीकाठ, तुम्ही लिहा, आम्ही वाचू.

इंदूरकर_सई | १९ मे, सकाळी ८:००

दूधराज आमच्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं, तरी माझ्या आजीला (मूळची देवासची, बोलणं घरंदाज मराठी) मी ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगो, हा तर आपल्या विहिरीवर यायचा." तिला तो राज्यपक्षी आहे हे ठाऊकच नव्हतं. तिच्यासाठी तो विहिरीवरचा पक्षी.

एक शंका आहे. अंगाच्या दुप्पट शेपटी घेऊन गच्च झाडीत माशीमागे वळायचं कसं? अडकत नाही का?

पिसारा | १९ मे, सकाळी १०:४५

सई, ती लांब पिसं दोनच असतात, शेपटीच्या मधोमधची. बाकीची शेपटी नेहमीसारखी, आणि हवेत वळायला तीच कामाला येते. पिसं २० ते ३० सेंमीपर्यंत भरतात, वजन मात्र नगण्य. अख्खा पक्षी २० ग्रॅमच्या आसपास. माझं निरीक्षण असं की लांब शेपटीचा नर झाडीच्या मधल्या थरात, थोड्या मोकळ्या जागेत शिकार करतो. मादी आणि कोवळे नर गचपणात अधिक घुसतात. भार थोडा तरी होत असणारच. ती पिसं मिरवत तो हंगाम काढू शकतो, यातच मादीला कळत असावं की हा दमदार आहे.

जाता जाता, या प्रजातीचं नाव टर्प्सिफोनी. ग्रीक शब्दांतून आलंय, अर्थ साधारण 'रमवणारा आवाज'. नेहमी ऐकू येतो तो आवाज खरखरीत, 'च्वे' किंवा 'च्रेच' असा तुटक. पण विणीच्या दिवसांत पहाटे कान दिलात तर हळू, गोड शीळही ऐकू येईल.

बोडीकाठ | २० मे, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. पहाटे साडेपाचला जाऊन बसलो आणि शीळ ऐकली. इतकी हळू, की नाल्यापलीकडच्या कोंबड्यानं बांग दिली की बुडून जायची.

बांबूचं सांगतो. काल रात्री जेवताना विषय निघाला. बाबा म्हणाले, मांडव दहा दिवसांवर आला, पोरीचं लग्न आहे, पाखरासाठी थांबायचं का? त्यांची बाजूही खरी आहे, बांबू विकत घ्यायचे तर खर्च वाढतो. मी काही बोललो नाही. आई भाकरी थापत होती, ती म्हणाली, "तिचंही घर बसतंय ना तिथं." बाबा बराच वेळ गप्प होते. आज सकाळी ते स्वतः काकांना घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या रांजीकडे गेले. तिथल्या मालकाला आमच्याकडचं बियाण्याचं धान देऊन बांबू घेतले.

मी आता रोज पन्नास पावलांवरून बघतो, मोहाच्या बुंध्याआड बसून. दोघांच्या पाळ्या लागल्यात. मादी आली की नर उठतो, क्षणभर दोघं फांदीवर, आणि मग ती बसते. माझ्या घड्याळानुसार पाळी वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत चालते.

कुतूहल | २१ मे, दुपारी १२:२०

मूळ प्रश्न राहिलाच की. पांढराशुभ्र नर घरट्यावर बसला तर शिकाऱ्याला दिसणार नाही का?

मुळशीकर | २१ मे, दुपारी १:०५

दिसतो. टकाचोर, भारद्वाज, शिक्रा, सरडा, साप, खार, सगळ्यांपासून धोका. घरटी मोठ्या संख्येनं बुडतात हे लहान पक्ष्यांच्या बाबतीत खरंच आहे. पण एक गोष्ट बघा बोडीकाठ, आसपास कोतवालाचं घरटं आहे का? हा पक्षी पुष्कळदा कोतवालाच्या शेजारी बिऱ्हाड करतो. कोतवाल आपल्या घरट्याजवळ कावळ्यालाच काय, घारीलाही फिरकू देत नाही.

बोडीकाठ | २१ मे, संध्याकाळी ७:१५

आहे! त्याच नाल्यावर, तीसेक पावलांवरच्या आंब्याच्या शेंड्याला. मी रोज त्याच्या खालून जात होतो, पण कधी जोडून पाहिलं नव्हतं.

पिसारा | २१ मे, रात्री ८:४०

छान. शेजाराची आणखी एक गोष्ट सांगतो. चष्मेवाला हा चिमुकला पक्षी स्वर्गीय नर्तकाच्या पिल्लांना भरवताना दिसल्याची नोंद बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात आहे. जात वेगळी, कुळ वेगळं, तरी उघडी चोच समोर आली की घास टाकला जातो. मला ही नोंद फार आवडते.

सध्या_कोलंबोत | २२ मे, सकाळी ६:५०

मूळची साताऱ्याची, नोकरीनिमित्त इथं. सिंहलीत या पक्ष्याला 'रेदी होरा' म्हणतात, म्हणजे कापडचोर. कुणाचं तरी कापड पळवून नेतोय असाच दिसतो म्हणून. बोडीकाठ यांनी पहिल्याच पोस्टमध्ये 'ओढणीचा तुकडा' लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. समुद्रापलीकडे माणसांना तेच सुचलं.

बोडीकाठ | २७ मे, रात्री १०:०५

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले. काल दुपारी पारा ४५ च्या वर. डबकं आटून परातीएवढं उरलंय. दुपारी दोनच्या सुमारास नर घरट्यात बसलेला नव्हता, काठावर उभा होता. पंख किंचित सोडलेले, चोच उघडी, घसा धडधडतोय. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "उबवत नाही तो, सावली धरतोय."

मी विचार करतोय की वर एक पोतं बांधावं का सावलीला?

पिसारा | २७ मे, रात्री १०:२०

नको. पोतं हललं, सावली बदलली तर ते घरटं टाकतील. त्यांनी ती फांदी उन्हाचा अंदाज घेऊनच निवडली असणार. पाण्याचं मात्र करता येईल. डबक्यात रोज पहाटे, दोघांच्या पाळीबदलाच्या वेळा टाळून, दोन घागरी पाणी ओता. ते पिण्याला, आंघोळीला तर होईलच, शिवाय ओल राहिली की चिलटं, टाचण्या (चतुरासारखेच बारीक किडे), चतुर तिथं राहतील. त्यांचं अन्न तेच आहे.

बोडीकाठ | ३१ मे, रात्री ११:३०

लग्न पार पडलं. मांडवात बसलो होतो पण जीव नाल्याकडे. आज सकाळी गेलो तर मादी चोचीत काहीतरी बारीक घेऊन आली, घरट्यात वाकली, आणि रिकाम्या चोचीनं वर झाली. पिल्लं निघाली! रोज दोन घागरी पाणी टाकतोय, आज बहीण सासरी जायच्या आधी तिनंही एक घागर ओतली.

आगरातली | १ जून, सकाळी ७:३०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. तिला आशीर्वाद सांगा.

बोडीकाठ | ५ जून, संध्याकाळी ६:४५

आज जे पाहिलं ते लगेच लिहितोय, हात अजून थरथरतोय.

साडेचारला टकाचोर आला. तांबूस, लांब शेपटीचा, फांद्यांमधून उड्या मारत सरळ घरट्याच्या दिशेनं. मादी घरट्यावर होती. ती उठली नाही, नुसती चेपून बसली. नर कुठूनसा आला आणि 'च्रेच च्रेच' ओरडत टकाचोराच्या डोक्यावरून गेला. तो त्याच्यापेक्षा किती लहान! टकाचोर हलला नाही, आणखी एक फांदी पुढे सरकला. मी मोहाआडून उठून धावणार, तेवढ्यात आंब्यावरून कोतवाल सुटला. एकामागून एक, दोघेही. टकाचोराच्या पाठीत चोच मारली, पिसं उडाली. तिघांची झुंबड रांजीतून नाल्यापलीकडे गेली. मिनिटभरात शांत.

नर परत फांदीवर येऊन बसला तेव्हा दिसलं, त्याच्या दोन लांब पिसांपैकी एकच उरलंय. दुसरं मुळापासून गेलं. बसल्यावर त्यानं दोनदा पंख झाडले आणि पाच मिनिटांत पतंग घेऊन घरट्यावर हजर.

कुतूहल | ५ जून, संध्याकाळी ७:१०

म्हणजे मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. रंगानं लपायचं नाही, शेजार निवडायचा.

पिसारा | ५ जून, रात्री ९:००

थोडी भर घालतो. दर वेळी कोतवाल वाचवतोच असं नाही. तो स्वतःचं घरटं राखतो, याला त्याचा फायदा मिळतो. पण मादी उठली नाही, हे माझ्या मते सगळ्यात मोठं. ती उठली असती तर टकाचोराला घरटं नेमकं सापडलं असतं. आणि तुम्ही धावला नाहीत हेही बरं झालं.

गेलेल्या पिसाची काळजी करू नका. पिसं झडतात, पुन्हा येतात.

बोडीकाठ | ८ जून, दुपारी ३:२०

पिल्लांची डोकी काठावर दिसायला लागली, तीन. बाहेरून खाऊ आला की तीन चोची वर होतात, आतून पिवळ्या. खाऊ घातल्यावर आई-बाप थोडं थांबतात, पिल्लू शेपूट वर करतं आणि पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेली विष्ठा देतं, ती चोचीत धरून ते लांब नेऊन टाकतात. घरट्याखालची जमीन इतकी स्वच्छ, की वर काही चाललंय हे कुणाला कळणार नाही.

बाबा आता रोज संध्याकाळी माझ्याबरोबर येतात. बोलत नाहीत. परतताना एकदाच म्हणाले, "चाळीस वर्षं या नाल्यावर येतोय मी."

बोडीकाठ | १२ जून, सकाळी ९:५०

काल रात्री पहिला वळीव मोठा झाला. वाऱ्यानं रांजी आडवी होत होती, मला झोप नव्हती. उजाडताच गेलो. घरटं रिकामं. काठ एका बाजूनं फाटलेला.

तिथं किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग बाबांनी खांद्याला हात लावला आणि रांजीच्या आत बोट दाखवलं.

बांबूच्या एका आडव्या फाट्यावर तीन पिल्लं, एकमेकांना चिकटून, ओली. शेपटी म्हणजे नुसता खुंट. वर आडोशाला दाट पानं. मादी त्यांच्याजवळ येऊन गेली. मग एका पिसाचा नर आला, मधल्याला काहीतरी भरवलं, आणि डबक्याकडे उतरला. डबकं रात्रीच्या पावसानं काठोकाठ भरलंय. त्यानं वरून झेप घेतली, पाणी उडालं, पुन्हा वर, पुन्हा झेप.

घागरी मी घरी परत आणल्या आहेत.